‘ण’ नसलेली भाषा

मार्च लागला की माझं डोकं फिरतं. घरातल्यांना आता सवय झाली आहे. आंब्याचा मोहोर गळून अंगणातल्या लाद्यांवर चिकट थर साचतो आणि कितीही धुतला तरी चपलांना धरून घरात येतो. दुपारच्या वाऱ्यानं केळीची पानं फाटून त्यांच्या झिरमिळ्या होतात. वारा अर्नाळ्याकडून आला तर त्याला सुकत घातलेल्या बोंबलांचा वास असतो. संध्याकाळी चर्चमध्ये उपवासकाळातली प्रार्थना, क्रुसाची वाट, सुरू असते, तिथे गुडघे टेकून बसलेल्या बायकांच्या पदरांतही तो वास शिरून बसतो. बाहेरून येणारे म्हणतात, नंदाखाल किती शांत आहे हो. असेल. मला या दिवसांत गावभर फक्त पोरांच्या पाठांतराचा आवाज ऐकू येतो.

परवा शेजारच्या भाडेकरूंची मुलगी ओट्यावर बसून तोंडी परीक्षेची तयारी करत होती. तिची आई भाजी निवडता निवडता तिला टोकत होती. “नीट बोल. बाईंसमोर असं बोललीस तर मार्क जातील.” पोरगी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची आणि पुन्हा त्याच जागी अडखळायची. चौथ्यांदा आई ओरडली तेव्हा मी वालाच्या शेंगा सोलत बसले होते. शेंगा तशाच टाकून आत गेले आणि खिडकी लावून घेतली. उकाड्यानं जीव जात होता, तरी लावून घेतली.

तोंडी परीक्षा म्हटलं की मला एकच वर्ग आठवतो. त्यात दोन मोठ्या बायका बसल्या आहेत, आणि समोर अकरा वर्षांची एक मुलगी उभी आहे. बायका परीक्षा घ्यायला आल्या आहेत असं कागदावर आहे. खरं तर त्या एकमेकींना हरवायला आल्या आहेत. त्यातली एक मी.

ती शाळा विरारच्या पश्चिमेला, अर्नाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. नावात इंटरनॅशनल हा शब्द होता आणि दारात प्लास्टिकची हिरवळ. मार्चमध्ये त्या हिरवळीवरून अनवाणी चाललं तर तळपाय भाजायचे. मी तिथे सहावीच्या दोन तुकड्यांना स्पॅनिश शिकवायला गेले. त्याआधी आठ वर्षं मी अंधेरीच्या एका कंपनीत यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची स्पॅनिशमध्ये आणि स्पॅनिशमधून भाषांतरं करत होते. मग ते काम संगणक करायला लागला आणि आमच्या टेबलावरच्या चौघींना एकाच शुक्रवारी घरी पाठवलं. त्यामुळे शाळेत मी आले ती काही मुलांच्या प्रेमापोटी नव्हे. चिडलेलीच आले होते.

मुलाखतीला संस्थेचे एक विश्वस्त होते. माझं आडनाव वाचून त्यांचा चेहरा उजळला.

“परेरा. म्हणजे तुमच्या घरी पोर्तुगीजच बोलत असतील.”

“नाही सर. घरी आमची बोली आहे. मराठीच ती.”

“पण स्पॅनिश जमतं ना? जवळजवळ सारखंच ते.”

“शिकले मी, सर. सहा वर्षं.”

त्यांना ते फारसं आवडलं नाही. मी ती भाषा रक्तातून घेऊन आले असते तर माहितीपत्रकात जास्त शोभलं असतं. तरी त्यांनी मला घेतलं. स्पॅनिश त्या वर्षी माहितीपत्रकावर छापून झालं होतं, आणि शिकवायला कुणीतरी हवं होतं.

हे स्पॅनिश कुठून आलं, तर मराठीच्या तासांतून. सहावीला आठवड्यात मराठीचे पाच तास होते, त्यातले दोन काढून मला दिले. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये गेले, एका खुर्चीवर बसले, तेव्हा समोरच्या बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, “ही खुर्चीही त्यातच आली का?”

त्या राऊतबाई. मराठीच्या. पन्नाशीच्या आसपासच्या, ताठ, सुती साडीची घडी दिवसभर न मोडणाऱ्या. चंदनसारला फ्लॅटमध्ये राहायच्या आणि पूर्वेकडून पश्चिमेला यायला दोन रिक्षा बदलून सगळ्यांच्या आधी पोचायच्या. त्यांचं मराठी इतकं स्वच्छ होतं की ऐकताना आपल्या तोंडात काहीतरी अडकलं आहे असं वाटावं. वर्षभर त्या मला कधी वावगा शब्द बोलल्या नाहीत. त्या दुसरंच करायच्या. सोमवारी आणि गुरुवारी त्यांच्या तासानंतर माझा तास असायचा. मी वर्गात शिरायचे तेव्हा फळा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेला असायचा. समास, विभक्ती, वाक्प्रचार. वर कोपऱ्यात चौकट करून लिहिलेलं असायचं, “पुसू नये. पुढील तासास आवश्यक.” उजव्या हाताला वीतभर जागा उरायची. तेवढ्या जागेत मी स्पेन आणि निम्मं जग बसवायचं.

जूनपासून दिवाळीपर्यंत मी त्या वीतभर जागेत शिकवलं. नोव्हेंबरात एक दिवस डस्टर घेतला आणि सगळा फळा पुसला. मुलं श्वास रोखून बघत होती.

मधल्या सुट्टीत राऊतबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “पुसलंत?”

“माझा तास होता.”

“तो माझाच होता,” त्या म्हणाल्या आणि हात धुवायला निघून गेल्या.

त्यानंतर आमच्यात बोलणं उरलं नाही. स्टाफरूममध्ये पंखा कुणी लावायचा, खिडकी कुणी उघडायची, यावरून दोन मोठ्या बायका किती हीन होऊ शकतात ते मी त्या वर्षी पाहिलं. त्यांनी पंखा लावला की मी बंद करायचे. मलाही उकडत असायचं.

आणि शिकवायचं काय, याबद्दल प्रिन्सिपल मॅडमचं ठाम मत होतं. “मुलांना कल्चर दिसलं पाहिजे, मिस परेरा.” कल्चर म्हणजे लाल झालरीचे घागरे, कागदी पंखे आणि पुठ्ठ्याचा बैल. पालकांच्या कार्यक्रमात मुलींनी टाचा आपटून नाचायचं आणि एका मुलानं बैलासमोर लाल फडकं हलवायचं. मी म्हटलं, तिथले लोक दुपारी काय जेवतात, आईला काय हाक मारतात, पाऊस नाही पडला तर काय म्हणतात, ते शिकवते. मॅडम म्हणाल्या, “ते फोटोत कसं दिसणार?” पालक तर त्याहून पुढचे. एका पालकसभेत एक गृहस्थ उठून म्हणाले, फ्रेंच असतं तर कॅनडाला उपयोग झाला असता. दुसऱ्या बाई म्हणाल्या, आमची मुलगी घरी ते बोलते आणि आम्हाला कळत नाही, ती शिव्या देते की काय कोण जाणे. लोक हसले. मीही हसले, कारण न हसून सांगणार कुणाला.

मुलांवरही माझा राग होता. ती मला बघून न मागता ‘ओला’, म्हणजे नमस्कार, म्हणायची आणि हसायची, टॅक्सी बोलावल्यासारखी. शेवटी मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि एका गुरुवारी त्यांना म्हटलं, आज घरातले शब्द सांगा, मी त्यांचे नातेवाईक शोधून देते. बालदी, कुणीतरी म्हणालं. तिकडे अर्ध्या जगात ‘बाल्दे’. चावी, तर ‘यावे’. पगार, तर ‘पागार’, म्हणजे पैसे देणं. पाव म्हटल्यावर मी सांगितलं, तिकडे पावाला ‘पान’ म्हणतात, आणि वर्ग खिदळला. पोर्तुगीज आपल्याकडे हे शब्द टाकून गेले आणि स्पॅनिश ही त्यांची सख्खी चुलत बहीण, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. घराघरांतले शब्द येऊन टेबलावर पडत होते.

तेव्हा शेवटच्या बाकावरून आवाज आला. “मिस, सपाता. माजी आजी चपलेला सपाता म्हनते.”

हसू फुटलं. ते सपातेला नव्हतं, ‘म्हनते’ला होतं.

ती हर्षाली. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली. वडील बोटीवर, आई मासळी विकायला माणिकपूरच्या बाजारात. सरकारी नियमानं राखीव ठेवलेल्या जागेवर तिला त्या शाळेत प्रवेश मिळाला होता, आणि हे तिच्यापेक्षा वर्गातल्या बाकीच्यांना जास्त नीट माहीत होतं. तिच्या बोलण्यात ण नव्हता. पानी, कोन, लोनी, म्हनून. मुलं तिला ‘पानी’च म्हणायची. “ए पानी, सरक.” मी जूनपासून वर्गात होते आणि तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

“सापातो,” मी म्हटलं. “तुझ्या आजीचा शब्द जसाच्या तसा आहे तिकडे.”

त्या दिवसापासून ती पुढच्या बाकावर येऊन बसायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. आणि मग कळलं की त्या वर्गात स्पॅनिश खरं तिलाच येणार आहे. त्या भाषेत र जिभेच्या टोकावर थरथरवावा लागतो. ‘पेरो’ म्हणताना तो एकदा थरथरला तर ‘पण’, आणि लांब थरथरला तर ‘कुत्रा’. फ्लॅटमधली हुशार मुलं घसा खरवडून दमली. हर्षालीनं मान थोडी वर केली आणि तो र असा काही सोडला की मी खडू खाली ठेवला.

“कुठून शिकलीस?”

“बाबांची बोट चालू होते ना, तशी करायची आमी लहानपनी.”

वर्ग हसला नाही. सगळे बोट चालू करायचा प्रयत्न करू लागले. एका मुलानं तिला विचारलं, जीभ नेमकी कुठे लावायची. तिनं त्याला तोंड उघडून दाखवलं. मला वाटतं, त्या शाळेत तिला कुणी काही विचारलं, तेही पहिल्यांदाच.

इथपर्यंत मी चांगली शिक्षिका होते. मग मला मोह झाला.

जानेवारीतली गोष्ट. हर्षाली मोठ्यानं वाचत होती. आग्वा, म्हणजे पाणी. मान्याना, म्हणजे उद्या. सगळं स्वच्छ, बिनचूक. मागून कुणीतरी हळूच म्हटलं, “पानी आग्वा वाचतेय.” माझ्या डोळ्यांसमोर एकदम माझीच शाळा आली. मी पाचवीत घरच्या बोलीत उत्तर दिलं होतं आणि बाईंनी मला बाकावर उभं करून वर्गाला विचारलं होतं, ही कुठली भाषा आहे, कुणाला माहीत आहे का? नंदाखालची सतरा घरांतली पोरं त्या वर्गात होती. एकानंही हात वर केला नाही. त्या बाई कधीच्या गेल्या, पण मी त्यांना सोडलेलं नव्हतं. मी फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर राऊतबाईंचं शुद्धलेखन होतं, लाल खडूनं अधोरेखित केलेले ण. आणि मी म्हटलं,

“या भाषेत ण नाहीच. ज्यांना ण लागतो त्यांनी तो बाहेर चपलांजवळ ठेवून आत यायचं.”

वर्ग खदखदून हसला. या वेळी हर्षालीबरोबर. ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला आतून फार बरं वाटलं. ते बरं वाटणं कशाचं होतं हे मला तेव्हाही कळलं होतं.

दोन दिवसांनी मराठीच्या तासाला राऊतबाईंनी हर्षालीला थांबवून उच्चार सुधारायला सांगितला. रोजचंच होतं. पण त्या दिवशी हर्षाली म्हणाली, “बाई, स्पॅनिशमध्ये ण नसतोच. तो बाहेर ठेवायचा.” मुलं माझ्याच तासाला हसली होती तशी हसली. राऊतबाईंनी पुस्तक मिटलं म्हणे. मग त्यांनी तिला फळ्याजवळ उभं केलं आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. कोण पाणी आणून देणार. तास संपेपर्यंत. मुलांनी नंतर मला आकडा सांगितला, मी तो विसरायचा प्रयत्न केला आहे.

मी स्टाफरूममध्ये गेले आणि पहिल्यांदा आवाज चढवला. “तुम्हाला माझ्यावर राग काढायचा तर माझ्यावर काढा.”

राऊतबाईंनी चष्मा काढला. “शब्द तिचा नव्हता. कुणी दिला तिला, तुम्ही विचार करा.”

आठवडाभरात हर्षाली पुन्हा शेवटच्या बाकावर गेली. मराठीच्या तासाला बोलायची नाही, माझ्या तासालाही नाही. मी विचारलं तर वहीत लिहून दाखवायची. मी म्हटलं, होईल ठीक. पालकांचा कार्यक्रम तोंडावर होता, पुठ्ठ्याच्या बैलाला शिंगं लावायची होती. मी शिंगं लावत बसले. आज त्याचा सगळ्यात जास्त राग येतो, त्या शिंगांचा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मराठीची तोंडी परीक्षा झाली. हर्षाली राऊतबाईंसमोर उभी राहिली आणि तिनं तोंड उघडलं नाही. त्यांनी शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी माझी तोंडी होती. माझ्यासमोरही ती उभी राहिली आणि तोंड उघडलं नाही. मी रकाना मोकळा ठेवला आणि स्वतःला दयाळू समजले.

तिची आई आली ती बाजार उरकून. प्रिन्सिपल मॅडमच्या केबिनमध्ये आम्हा दोघींना बोलावलं होतं. आईनं खुर्ची नाकारली. टोपली बाहेर ठेवून आली होती, साडीला अजून ओल होती. एसीच्या गारव्यात मासळीचा वास पसरला तशी मॅडमनी ड्रॉवरमधून काहीतरी शोधल्यासारखं केलं.

“मी मार्क मागाया नाय आली,” ती म्हणाली. “शून्य तर शून्य. पन माजी पोर घरी बोलत नाय. बोलली तर पानी मागत नाय. आग्वा दे म्हनते. आजी तिची डोळ्यांनी अधू, तिला काय समजतं? ती म्हनते, पोरीला कोनी काय केलं.”

मॅडमनी ड्रॉवर बंद केला.

“मी इचारलं तिला. पानी का नाय म्हनत? तर म्हनते, आई, पानी म्हटलं तर एक बाई हसते, पाणी म्हटलं तर दुसरी हसेल. मधी आग्वा हाय, त्याला कोन हसत नाय.” तिनं तो पाणी शब्द फार सांभाळून, ण वर पाय देऊन उच्चारला. मग आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. “तुमी दोघी शिकलेल्या. तुमच्या भांडनात माजी पोर कशाला घेतली?”

राऊतबाई म्हणाल्या, “मी तिच्या भल्यासाठीच करत होते.”

मीही नेमकं तेच म्हणणार होते. त्या आधी बोलल्या एवढंच.

आई गेली. मॅडमनी निर्णय दिला की हर्षालीची तोंडी पुन्हा होईल, दोघींसमोर एकत्र, म्हणजे तक्रारीला जागा नको. मग आम्ही दोघी कॉरिडॉरमध्ये उरलो. बाहेर प्लास्टिकची हिरवळ उन्हात वितळल्यासारखी चमकत होती. मला वाटलं राऊतबाई निघून जातील. त्या भिंतीला टेकल्या.

“आमचं गाव वैतरणेकाठी,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “भातशेतीवाले आम्ही. नदीच्या नावातच ण, आणि आमच्यात तो कुणाला म्हणता यायचा नाही. डी.एड.च्या मुलाखतीत मी नदीचं नाव सांगितलं तेव्हा तिघं हसले होते. तिघंही. त्यातल्या एकानं मला पुन्हा म्हणायला लावलं, दुसऱ्याला ऐकू आलं नाही म्हणून. घरी आल्यावर मी वर्षभर आरशासमोर जीभ वळवली. त्या पोरीवर तसे हसणारे तिघं बसणार आहेत कुठे ना कुठे. मला ते होऊ द्यायचं नव्हतं.”

“म्हणून तुम्ही त्या तिघांचं काम आधीच करून टाकलंत,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला माफीची जागा दिसली नाही, आणि मी ती शोधलीही नाही. “आणि तुम्ही?” त्या म्हणाल्या. “तुम्ही तिला काय दिलंत? असा एक देश, जिथे ती कधी जाणार नाही, आणि तिथे सगळं बरोबर असतं असं सांगितलंत. इथे तिला कोण वाचवणार होतं?”

त्यांचं म्हणणं मला पटलं नाही. अजूनही पटत नाही. माणसाच्या तोंडातला उच्चार सुधारायला त्याला पन्नास मुलांसमोर उभं करावं लागतं, हे मी मरेपर्यंत मान्य करणार नाही. पण त्यांच्या शब्दांतलं माझं माप बरोबर होतं. मी त्या मुलीला आसरा दिला नव्हता. तिच्या आडून दगड मारला होता.

परीक्षा शुक्रवारी दुपारी झाली. वर्गाची दारं बंद, पंखे घरघरत होते. आम्ही दोघी एका टेबलामागे, मध्ये एक गुणपत्रिका. हर्षाली समोर उभी. वेणी घट्ट, गणवेश इस्त्रीचा, हात मागे बांधलेले. तिची आई बाहेर पायरीवर बसली होती, दाराच्या काचेतून तिचं डोकं दिसत होतं.

राऊतबाईंनी पुस्तक उघडलंच नाही. आवाज शक्य तितका मऊ करून म्हणाल्या, “हर्षाली, तुझ्या घराबद्दल सांग. जसं येईल तसं सांग. मी टोकणार नाही.”

हर्षाली गप्प.

मी पुढे झुकले. “बाबांच्या बोटीबद्दल सांग. कुठल्याही भाषेत.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग राऊतबाईंकडे. अकरा वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर मी तसा तिटकारा त्याआधी पाहिला नव्हता. तो आमच्या दोघींमध्ये अगदी सारखा वाटलेला होता.

“मी सांगनार नाय,” ती म्हणाली. आवाज खणखणीत, मागे शेवटच्या भिंतीपर्यंत जाईल असा. “माजं घर माजं हाय. बाबांची बोट बाबांची हाय. तुमाला कोनाला मी सांगनार नाय. तुमी मार्क द्या, नाय तर नका देऊ.”

आणि ती वळून दाराबाहेर गेली. काचेतून दिसलं, आईनं उठून काही न विचारता तिचं दप्तर घेतलं.

पंखे फिरत राहिले. राऊतबाईंनी पेन उचललं. “पूर्ण वाक्यं होती,” त्या म्हणाल्या. “कर्ता, कर्म, क्रियापद. आशय स्पष्ट.” आणि त्यांनी वीसपैकी वीस लिहिले. माझ्या रकान्यात काय लिहू ते मला सुचेना. तिनं स्पॅनिशचा एक शब्दही उच्चारला नव्हता. मीही वीस लिहिले. त्यात मला काही औदार्य वाटलं नाही. हरलेल्या माणसानं पाटी पुढे सरकवावी तसं ते होतं. मग आम्ही दोघी उठलो आणि वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडलो.

त्या वीस गुणांचा कुणाला काही उपयोग झाला नाही. जूनमध्ये हर्षालीच्या आईनं तिला त्या शाळेतून काढून गावातल्या मराठी शाळेत घातलं. त्याच जूनमध्ये माहितीपत्रकावर स्पॅनिशच्या जागी रोबोटिक्स छापून आलं. मला एप्रिलअखेरीस नोकरी संपल्याचं एका ओळीचं पत्र मिळालं होतं. मराठीचे दोन तास राऊतबाईंना परत मिळाले नाहीत, ते रोबोटिक्सला गेले. हे मला नंतर कळलं तेव्हा मला आनंद झाला. क्षणभर का होईना, खराखुरा आनंद झाला. मी त्याला दुसरं नाव देत नाही.

आता मी घरीच शिकवते. मोठी माणसं येतात, परदेशी नोकरीला निघालेली. त्यांना उच्चारावरून मी टोकत नाही. त्यातल्या काहींना वाटतं मला त्यांच्या चुका ऐकूच येत नाहीत.

गेल्या वर्षी, याच दिवसांत, मी माणिकपूरला कामासाठी गेले होते. परतताना मासळीच्या बाजारात शिरले. उपवासकाळातला शुक्रवार होता, आमच्यात त्या दिवशी मटण चालत नाही, म्हणून घरी मासे हवे होते. गर्दीत एका पाटीसमोर थांबले, मांदेली ताजी दिसली म्हणून, आणि मान वर केली तर ती होती. हर्षालीची आई. तिनं मला ओळखलं. हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला. तिनं माझ्यासाठी मांदेली वेगळी केली, पिशवीत भरली, पुढे केली. नजर पिशवीवरच होती.

मला तिथून जाता आलं असतं. मी विचारलं, “हर्षाली कशी आहे?”

तिनं सुरी पाटीवर पुसली. मागे दोन बायका ताटकळत होत्या.

“बोलते,” ती म्हणाली. “बाजूला व्हा बाई, मागं गिऱ्हाईक हाय.”

मी बाजूला झाले.